कोरफड कुजू न देता कशी लावायची: ओळखीपासून गर काढण्यापर्यंत

दृष्ट लागू नये म्हणून दारावर उलटी टांगलेली कोरफड तुम्ही पाहिली असेल. माती नाही, पाणी नाही, मुळं उघडी, तरी ती कित्येक महिने हिरवी राहते. हळूहळू तिचा शेंडा वळून उजेडाकडे चढूही लागतो. तीच कोरफड कुंडीत लावून रोज पाणी घातलं की पहिल्याच पावसाळ्यात बुडाशी मऊ पडते आणि उचलली की हातात येते. ‘कोरफडसुद्धा आमच्याकडे जगत नाही’ असं म्हणणारे बहुतेक जण तिची काळजी कमी घेत नाहीत, नको तेव्हा घेतात.

चूक बहुधा क्रमाची असते. पिल्लू काढलं की लगेच लावलं, लावलं की लगेच पाणी घातलं, पाणी घातलं की थेट उन्हात ठेवलं. कोरफडीच्या प्रत्येक कामात मध्ये एक थांबण्याची पायरी आहे आणि नेमकी तीच गाळली जाते. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने करा. एखादी पायरी लांबली तर काही बिघडत नाही, वगळली तर बिघडतं.

## १. हातात आहे ती कोरफडच आहे ना?

नर्सरीत ‘अ‍ॅलो’ एवढंच सांगून रोप दिलं जातं. अ‍ॅलो या कुळीत पाचशेहून अधिक जाती आहेत आणि आपल्याला हवी असलेली कोरफड त्यांतली एकच, अ‍ॅलो व्हेरा. जुन्या पुस्तकांत आणि काही बाटल्यांच्या लेबलांवर अ‍ॅलो बार्बाडेन्सिस असं नाव दिसतं, ती हीच वनस्पती. आयुर्वेदातली कुमारी किंवा घृतकुमारीही हीच. शोभेसाठी लावायची असेल तर जात चुकली तरी फरक पडत नाही. गर काढून वापरायचा असेल तर मात्र ओळख पक्की झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खरी कोरफड अशी ओळखा:

- पान जाड, लांबट, टोकाकडे निमुळतं. रंग राखाडी झाक असलेला हिरवा. कडेचे काटे फिकट आणि बोट फिरवलं तर जाणवतील एवढेच. कातडीत घुसत नाहीत.
- लहान रोपाची पानं समोरासमोर दोनच रांगांत, पंख्यासारखी पसरतात. वाढल्यावर ती गोलाकार फिरत जातात. त्यामुळे आईपेक्षा पिल्लू वेगळं दिसलं म्हणून घाबरू नका.
- लहानपणी पानांवर पांढरे ठिपके असतात. मोठेपणी बहुतेक झाडांवरचे जातात, काहींवर राहतात. म्हणून नुसत्या ठिपक्यांवरून निकाल देऊ नका.
- फुलांचा दांडा उंच, फुलं पिवळी, नळीसारखी आणि खाली झुकलेली.

गल्लत होते ती मुख्यतः दोन झाडांशी. पहिलं घायपात, म्हणजे अगेव्ह. शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला दिसणारं, बागेत पिवळ्या कडांच्या पानांचं. त्याच्या पानाच्या टोकाला सुईसारखा कडक काटा असतो आणि पान मोडलं तर गराऐवजी चिवट धागे निघतात. त्याचा रस कातडीवर लागला तर चांगलीच आग आणि खाज होते. दुसरी ठिपक्यांची शोभेची अ‍ॅलो मॅक्युलाटा. तिची पानं रुंद आणि आखूड, ठिपके आडव्या पट्ट्यांत, काटे तपकिरी आणि टणक, फुलं नारिंगी आणि त्यांचा झुबका वरून सपाट. ही बागेत सुंदर दिसते, पण तिचा रस त्वचेला त्रास देऊ शकतो. अंगाला लावायला किंवा खायला ती घेऊ नका.

तपासून पाहा: पानाच्या टोकाला बोट लावा. टणक सुई लागली तर ते घायपात. कडेचे काटे मऊ, पानाचा आडवा छेद घेतल्यावर आत पारदर्शक गर आणि सालीलगत पिवळसर चीक दिसला तर कोरफड असण्याची खूप शक्यता आहे. तरीही शंका उरली तर फूल येईपर्यंत ते झाड शोभेचंच समजा.

## २. तिचा स्वभाव, कामापुरता

अरबस्तानच्या कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवरची ही वनस्पती. पाऊस क्वचित पडतो, पडला की वाहून जातो, आणि मुळांभोवतीचे दगड पुन्हा तापतात. म्हणून तिची मुळं खोल जात नाहीत, उथळ आणि आडवी पसरतात. मिळालेलं पाणी ती पानात साठवते. गरात जवळजवळ ९९ टक्के पाणीच असतं.

बहुतेक झाडं पानांवरची रंध्रं दिवसा उघडतात, कोरफड ती रात्री उघडते. दिवसाच्या उन्हात पाणी उडून जाऊ नये यासाठीची ही सोय आहे. कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा उजेडात वापरायचा, असं तिचं चालतं. बागकाम करणाऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की ती पाणी फार सावकाश खर्च करते. शेजारच्या कुंडीतल्या जास्वंदीच्या वेळापत्रकाने तिला पाणी दिलं तर ते खर्च होतच नाही, मुळांशी साचून राहतं. ओल्या मातीत हवा नसते, हवा नसली की मूळ गुदमरतं, आणि मेलेल्या मुळावर बुरशी बसते. कुज अशी सुरू होते.

## ३. तयारी: जागा, कुंडी, माती

रोप आणण्याआधी या तिन्ही गोष्टी तयार ठेवा. रोप समोर पडलंय म्हणून घाईघाईत हाताला लागेल त्या मातीत लावलं जातं, आणि तिथेच घोळ होतो.

जागा. दिवसातून चार-पाच तास ऊन, शक्यतो सकाळचं. पूर्वेची बाल्कनी उत्तम. पश्चिमेच्या कडक उन्हातही ती जगते, पण एप्रिल-मेमध्ये पानं लालसर तपकिरी होतात. घरात खिडकीपासून दूर ठेवलेली कोरफड लगेच मरत नाही, पण पानं पातळ, लांब आणि लोळलेली होतात. ‘इनडोअर प्लांट’ म्हणून ती विकली जाते, तरी तिला घरातल्या कोपऱ्यातली जागा मानवत नाही.

कुंडी. साधी मातीची, खोलीपेक्षा रुंदीला जास्त. पिल्लासाठी ६ इंची, मोठ्या झाडासाठी १० ते १२ इंची. मोठी कुंडी घेतली म्हणजे झाड लवकर मोठं होतं असं नाही. मुळं पोहोचत नाहीत ती माती आठवडाभर ओली राहते आणि कुज तिथून येते. तळाला बोट जाईल एवढं भोक हवं, प्लास्टिकच्या कुंडीला अशी चार-पाच. रंगवलेल्या किंवा आतून चकचकीत मुलामा दिलेल्या कुंडीच्या भिंतींतून ओल बाहेर पडत नाही, हे लक्षात ठेवून तीत माती आणखी मोकळी भरा.

तळाशी खडीचा थर घालू नका. ही सवय मोडायला सगळ्यात कठीण आहे, कारण आपण ती वर्षानुवर्षं पाहत आलो आहोत. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती गच्च भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. म्हणजे थर घातल्याने ओला पट्टा वर सरकतो, थेट मुळांच्या जवळ. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. खडी घालायची असेल तर ती मातीत मिसळा.

माती. माझं नेहमीचं प्रमाण असं:

- १ भाग लाल माती किंवा पोयटा
- १ भाग जाड वाळू, चाळून वरची रवाळ राहिलेली
- १ भाग विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे (त्याऐवजी सिंडर म्हणजे जळक्या कोळशाचे खडे, परलाइट म्हणजे नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खनिज दाणे, किंवा चाळलेला मुरूम चालतो)
- अर्धा भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत

कोकणात, मुंबईत आणि घाटमाथ्यावर विटांचा भाग दीडपट करा आणि खत निम्मं. मराठवाडा-विदर्भात वरचं प्रमाण तसंच ठेवा. काळी माती कुंडीत वापरू नका. ती भिजली की फुगते, चिकट होते, आणि सुकली की तडकून मुळं तोडते. नर्सरीतून मिळणारं कोकोपीटचं तयार मिश्रण हलकं असतं म्हणून ने-आण करायला सोयीचं, पण आपल्या पावसाळ्यात ते आठवडेच्या आठवडे ओलं राहतं. समुद्राची वाळू कितीही जाड दिसली तरी नको, तिच्यात मीठ असतं. बांधकामाची बारीक वाळूही नको, ती मातीत मिसळली की मिश्रण आणखी घट्ट होतं.

तपासून पाहा: रोप लावण्याआधी कुंडी मिश्रणाने भरून तांब्याभर पाणी ओता. ते वर तुंबून न राहता काही सेकंदांत आत शिरलं पाहिजे आणि लगेच खालून वाहू लागलं पाहिजे. वर तळं झालं तर विटांचे तुकडे वाढवा आणि पुन्हा पाहा. चाचणीनंतर हे मिश्रण पसरून वाळू द्या, कारण लावणी कोरड्या मातीतच करायची आहे.

## ४. पिल्लू वेगळं करणं

कोरफड पिल्लांपासून वाढवायची. पानापासून ती वाढत नाही. पानफुटीचं पान मातीवर टाकलं की कडेने रोपं फुटतात म्हणून लोक कोरफडीचं पानही रोवून बसतात. त्या पानाला कोंब येण्याजोगा डोळाच नसतो. ते महिनाभर हिरवं राहील, आपण आशेने पाणी घालत राहू आणि शेवटी ते कुजेल. केळ्यात, बटाट्यात किंवा टोमॅटोत खोचलेल्या पानाला मुळं फुटलेली दाखवणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. त्यांवर वेळ आणि चांगलं पान घालवू नका.

कुंडीसाठी योग्य काळ दोन: पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर, किंवा थंडी सरताना फेब्रुवारी-मार्च. शेतात कोरफडीची लागवड पावसाळ्यात करतात, पण तिथे जमिनीला उतार असतो आणि पाणी निघून जायला वाट असते. कुंडीला ते लागू नाही.

पिल्लू निदान वीतभर उंच आणि चार-पाच पानांचं होऊ द्या. बोटभर पिल्लाला स्वतःची मुळं कमी असतात, ते अजून आईच्या जिवावर असतं.

क्रम असा:

1. चार-पाच दिवस आधी पाणी बंद करा. कोरडी माती मुळांवरून सहज झडते आणि मुळं कमी तुटतात.
2. कुंडी आडवी करून सगळं झाड मातीसकट बाहेर काढा. पिल्लू नुसतं धरून वर ओढू नका. पानं हातात येतात आणि मुळं आतच राहतात.
3. माती हाताने झाडा. पिल्लू आईला कुठे जोडलंय ते दिसलं पाहिजे. आईपासून पिल्लापर्यंत जाणारा जाड, पांढरट दांडा सापडेल.
4. धारदार सुरी स्पिरिटने पुसून तो दांडा एका घावात कापा. पिल्लाकडे जेवढी मुळं ठेवता येतील तेवढी ठेवा.
5. सुकलेली, काळी किंवा पोकळ मुळं काढून टाका. पांढरी-पिवळसर टणक मुळं राहू द्या.

मुळं पाण्याने धुऊ नका. ओली जखम हाच कुजीचा दरवाजा.

## ५. वाळवणं: सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी

कापलेली पिल्लं सावलीत, हवा खेळेल अशा जागी, वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. मुळं असलेल्या पिल्लाला दोन ते तीन दिवस पुरतात. मुळं नसलेल्या किंवा बुडाशी मोठा घाव असलेल्याला सहा-सात दिवस द्या. आईच्या बुंध्यावरचा घावही असाच उघडा वाळू द्या. तिला त्याच दिवशी पुन्हा ओल्या मातीत लोटू नका.

या दिवसांत पानं थोडी मऊ पडतील. हे अपेक्षित आहे. पाण्यात बुडवून ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळू नका, उन्हातही नको.

तपासून पाहा: घावाला बोट लावा. कोरडी, किंचित आत ओढलेली, खरखरीत खपली जाणवली की लावायला हरकत नाही. बोटाला चिकट लागलं तर आणखी दोन दिवस थांबा. बाहेर दमट हवा असेल तर वेळ जास्त लागतो. दिवस मोजण्यापेक्षा खपली पाहा.

## ६. लावणी आणि पहिलं पाणी

कोरड्या मिश्रणात, पानांचा पंखा जिथे सुरू होतो तिथपर्यंतच लावा. पानांची बुडं मातीखाली गेली की तिथे ओल धरते. रोप डगमगतंय म्हणून लोक ते खोल खोचतात. त्याऐवजी भोवती तीन-चार दगड ठेवा, मुळं धरली की ते काढता येतात. माती हाताने हलकी दाबा, ठोकू नका. कुंडीच्या काठापासून दोन बोटं जागा सोडा.

आणि आता पाणी घालू नका.

पाच ते सात दिवस कोरडंच राहू द्या. लावताना जी बारीक मुळं मोडली त्यांच्या जखमा या दिवसांत भरतात. शिवाय नवं मूळ ओलीच्या शोधात फुटतं. सगळीकडे चिखल असेल तर ते फुटायचं राहतं. पान साठ्यावर जगतं, तुमच्या तांब्यावर नाही. आठवड्यानंतर कुंडीच्या खालून निथळेपर्यंत एकदा भरपूर पाणी द्या, ताटलीत जमलेलं फेकून द्या. पुढचं पाणी माती पूर्ण सुकल्यावर.

तपासून पाहा: तीन-चार आठवड्यांनी रोप दोन बोटांत धरून हळूच वर ओढा. विरोध जाणवला तर मुळं धरली आहेत. सहज वर आलं तर बूड पाहा. कोरडं आणि टणक असेल तर परत ठेवून धीर धरा, मऊ असेल तर नवव्या पायरीकडे जा.

## ७. उन्हाची सवय

पहिला आठवडा उजेडाच्या सावलीत. दुसऱ्या आठवड्यात सकाळचं कोवळं ऊन तास-दोन तास. तिसऱ्या आठवड्यापासून कायमच्या जागी. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोपही याच क्रमाने न्या. एकदम उन्हात ठेवलेल्या रोपाची पानं लाल-तपकिरी होतात. नुसता रंग बदलला असेल तर सावलीत तो परत येतो. पांढुरके, कोरडे डाग पडले असतील तर ते भाजल्याचे, ते जात नाहीत. नवी पानं मात्र नीट येतात.

## ८. पाणी

वारानुसार पाणी देऊ नका. अंदाजासाठी सांगायचं तर उन्हाळ्यात मातीच्या कुंडीला आठ-दहा दिवसांनी, थंडीत पंधरा-वीस दिवसांनी लागतं, पण तुमची कुंडी, वारा आणि ऊन यांनी हा आकडा सहज बदलतो. नारळाच्या हिराची काडी किंवा लाकडी सळई कुंडीच्या बुडापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला ओल किंवा माती चिकटलेली दिसली तर पाणी नको. वरची माती कोरडी दिसण्यावर जाऊ नका. ती तासाभरात सुकते, खालची नाही.

द्यायचं तेव्हा पूर्ण द्या, खालून निथळेपर्यंत. रोज अर्धी वाटी पाणी घालण्याने वरचा थर कायम दमट राहतो आणि खालची मुळं कोरडी. पाणी मातीवर घाला, पानांच्या मधल्या गाभ्यात नाही.

सगळ्यात फसवं लक्षण इथेच सांगतो. पानं पातळ झाली, आत वळली, म्हणजे झाड तहानलेलं, असं आपण समजतो. अनेकदा ते खरंही असतं. पण मुळं कुजली असली तरी पानं अगदी तशीच दिसतात, कारण मुळांना पाणी ओढताच येत नाही. अशा वेळी आपण आणखी पाणी घालतो आणि झाड दोन दिवसांत संपतं. म्हणून पानं सुरकुतली की हात पाण्याकडे न जाता आधी काडीकडे गेला पाहिजे. माती कोरडी असेल तर तहान. माती ओली असूनही पानं सुरकुतली असतील तर मुळं गेली आहेत, झाड उपसून पाहावं लागेल.

### पावसाळा

महाराष्ट्रात कोरफड मरते ती बहुतेक करून जून ते सप्टेंबरमध्ये. कोकणात या चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिच्या मूळ प्रदेशात कित्येक वर्षं मिळूनही एवढा होणार नाही. आगोटीच्या कामांत कोरफडीच्या कुंड्याही धरा:

- मे संपता संपता कुंड्या सज्जाखाली किंवा पाऊस थेट येणार नाही पण उजेड येईल अशा जागी हलवा. अंधाऱ्या जिन्याखाली नको.
- खालच्या ताटल्या काढून टाका. कुंडी दोन विटांवर ठेवा म्हणजे भोक फरशीला टेकत नाही.
- वळवाची एखादी सर अंगावर घेतली तर काही होत नाही, उलट पानांवरची धूळ जाते. सलग भिजणं टाळा.
- खत बंद. पिल्लं काढणं, कुंडी बदलणं, सगळं बंद.
- मध्ये आठवडाभर उघडीप मिळाली तरी लगेच पाणी घालू नका. दमट हवेत माती सुकायला फार वेळ लागतो. कित्येक घरांत पूर्ण पावसाळ्यात एक-दोनदाच पाणी लागतं.

जमिनीत लावायची असेल तर वरंब्यावर किंवा दगड-मुरुमाच्या उंचवट्यावर लावा, दोन झाडांत साधारण ६० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि पाणी उताराने निघून जातंय ना ते पहिल्याच मोठ्या पावसात छत्री घेऊन जाऊन पाहा.

पाऊस संपल्यावर कुंड्या एकदम बाहेर काढू नका. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं आणि चार महिने सावलीत राहिलेली पानं कोवळी. सातवी पायरी पुन्हा करा.

थंड देशांत राहणाऱ्यांनी तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागलं की कुंडी आत, दक्षिणेच्या खिडकीत आणावी आणि वसंतापर्यंत पाणी महिन्यातून एकदाच द्यावं. दहिवर गोठलं की पानातलं पाणी गोठतं आणि पान काळं पडून गळतं.

## ९. कुज लागलीच तर

लक्षणं: बुडाकडची पानं पिवळट, पाणचट, काचेसारखी, दाबलं तर बोट आत जातं, आंबूस वास. एकच, सगळ्यात खालचं पान पिवळं होऊन कागदासारखं सुकत असेल तर ती कुज नव्हे, म्हातारं पान जातंय.

झाड लगेच उपसा. मऊ झालेलं सगळं कापून टाका आणि प्रत्येक घावानंतर सुरी स्पिरिटने पुसा. छेदात तपकिरी डाग किंवा रेष दिसत असेल तोवर वर कापत जा. पांढरा, स्वच्छ, टणक गाभा लागला की थांबा. एक बोटभर डाग ठेवण्यापेक्षा दोन पानं जास्त गेलेली परवडतात. घावावर ताम्रयुक्त बुरशीनाशकाची भुकटी लावा. मग सात ते दहा दिवस सावलीत वाळवा आणि नव्या, कोरड्या मिश्रणात पाचव्या आणि सहाव्या पायरीप्रमाणे लावा. एकही मूळ उरलं नसलं तरी बुंध्याचा थोडा टणक भाग शिल्लक असेल तर नवी मुळं फुटू शकतात.

जुनी माती दुसऱ्या कोरफडीला वापरू नका, आणि कुंडी घासून उन्हात तापवा.

## १०. कीड आणि खत, थोडक्यात

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा, आठवड्याने पुन्हा. मुंग्यांची रांग लागली असेल तर त्याही आवरा, त्या ही कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. प्रादुर्भाव जास्त असेल तर लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी फवारा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात. ज्याचा गर वापरायचा त्या झाडावर रासायनिक कीटकनाशक नको.

खत वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, कुंडीमागे मूठभर गांडूळखत. युरियाने पानं फुगतात, लुसलुशीत होतात आणि पहिल्या पावसात कुजतात.

## ११. पान काढणं आणि गर वेगळा करणं

झाड दोन वर्षांचं, निदान बारा-पंधरा पानांचं होईपर्यंत थांबा. नेहमी सगळ्यात बाहेरचं, खालचं, जाड पान घ्या. मधली कोवळी पानं वाढीची असतात. एका वेळी दोन-तीनपेक्षा जास्त नको. अर्धं पान कापून उरलेलं झाडावर ठेवण्याची पद्धत आहे, पण ते अर्धं पान सुकत जातं आणि झाड विनाकारण पाणी गमावतं. पान बुडापासून, खोडालगत एका घावात काढा. नंतर तीन-चार दिवस त्या कुंडीला पाणी देऊ नका.

मग क्रम पाळा:

1. पान कापलेली बाजू खाली करून वाटीत तिरकं उभं ठेवा, अर्धा तास. पिवळा, कडू चीक निथळून जाईल. हा चीक आणि गर हे एकाच पानातले दोन वेगळे पदार्थ आहेत.
2. पान धुवा. दोन्ही कडांचे काटे आणि टोक काढा.
3. सपाट बाजूची साल आधी सोला, मग गर चमच्याने किंवा सुरीने खालच्या सालीवरून उचला. सालीलगतचा हिरवट-पिवळा थर गरासोबत येऊ देऊ नका.
4. गराचे तुकडे दोन-तीन पाण्यांत धुवा. धुतलेला गर पारदर्शक असतो आणि जवळजवळ बेचव. कडू लागला तर अजून चीक आहे.

सावधान: चिकात अलोइन नावाचं तीव्र रेचक द्रव्य असतं. पोटात गेलं तर मुरडा आणि जुलाब होतात. हाच चीक वाळवला की काळा बोळ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांतून कोरफडीला वगळलं, कारण ते सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती उत्पादकांनी सादर केली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सालीसकट अख्ख्या पानाच्या अर्काची नोंद कर्करोगाला कारण ठरण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत केली आहे. त्यामुळे अख्खं पान मिक्सरमध्ये फिरवून ‘ज्यूस’ पिऊ नका. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, लहान मुलांनी, मधुमेहाची औषधं चालू असणाऱ्यांनी धुतलेला गरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर कुंडी त्यांच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा. त्यांना हे पान बाधतं.

त्वचेवर लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा गर लावून एक दिवस पाहा. लालसरपणा किंवा खाज आली तर तो तुमच्यासाठी नाही. किरकोळ भाजल्यावर आधी वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, गर त्यानंतर. फोड फुटला असेल किंवा जखम खोल असेल तर घरचा गर अजिबात लावू नका, तो निर्जंतुक नसतो.

गर हवेत काही तासांत गुलाबी-तपकिरी पडू लागतो, म्हणून लागेल तेवढाच काढा. उरलेला झाकणाच्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. त्याहून जास्त ठेवायचा असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. न सोललेलं अख्खं पान कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. त्याच झाडावरून पुढचं पान घेण्याआधी मधल्या गाभ्यात दोन-तीन नवी पानं पूर्ण उलगडली आहेत का ते पाहा.